मराठवाड्यात अजून दिसणाऱ्या जुन्या गाड्या, आणि त्या काळच्या पळणाऱ्या हॅचबॅक

बिंदुसरा (बीड)

राम राम मंडळी.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची सक्ती आली आणि जुन्या गाड्या बघणाऱ्यांचं फावलं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला ती प्लेट लावायची, म्हणजे गाडी घराबाहेर काढणं आलं. वाड्याच्या ढाळजेत, मोंढ्यातल्या गोडाऊनमध्ये, शेतातल्या आखाड्यावर ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाड्या नवी बॅटरी टाकून, धक्का मारून रांगेत आल्या. बीडला एकाच सकाळी मला क्रीम रंगाची पद्मिनी, पांढरी कॉन्टेसा १.८ जीएलएक्स आणि प्रीमियर ११८ एनई अशा तिघी भेटल्या. ११८ एनई म्हणजे चौकोनी तोंडाची, फियाट १२४ च्या बॉडीची आणि आत निसानचं ११७१ सीसी इंजिन असलेली. नव्वद साली बाजारपेठेतल्या चांगल्या अडत्याकडे, गुत्तेदाराकडे हीच असायची. आज दहावीच्या पोराला ती ओळखता येत नाही.

मला वाटतं या गाड्यांची नोंद आपणच ठेवली पाहिजे. मुंबई-पुण्यात विंटेज रॅल्या निघतात, तिथल्या गाड्यांचे फोटो सगळीकडे आहेत. आपल्याकडे कुठल्या गावात काय उभं आहे हे फक्त तिथल्या मिस्त्रीला माहीत, आणि तो मिस्त्री थकला की तेही गेलं. म्हणून हा धागा. गाडी कोणती, गाव कोणतं, चालू आहे का उभी, मूळ इंजिन आहे का बदललेलं, एवढं लिहा. फोटो मालकाला विचारूनच काढा, नंबर झाका आणि घराचा पत्ता टाकू नका.

दुसरी गोष्ट हॅचबॅकची. १९७६ साली युरोपात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली. घरच्या साध्या गाडीत १.६ लिटरचं ११० हॉर्सपॉवरचं फ्युएल इंजेक्शन इंजिन, कडक सस्पेन्शन आणि वजन साडेआठशे किलोच्या आत. कंपनीनं ५००० गाड्या खपतील असा अंदाज धरला होता, पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर गेल्या. मग १९८४ मध्ये प्यूजो २०५ जीटीआय आली. रेनॉ ५ जीटी टर्बो, फियाट उनो टर्बो अशी रांगच लागली. आपल्याकडे तेव्हा लोक मारुती ८०० साठी नंबर लावून बसले होते. त्या गाड्या आपल्या वाट्याला आल्या नाहीत. पण त्या गाड्यांत जी मजा होती ती आपल्याला मिळालीच नाही, हे मला पटत नाही. हलकी गाडी, नेमका बसणारा गिअर, रस्त्याची खबर देणारं स्टिअरिंग आणि समोर वळणांचा रस्ता, एवढ्यावर ती मजा उभी असते. हॉर्सपॉवरचा आकडा त्यानंतर. माझ्या लेखी मराठवाड्याची खरी चपळ हॅचबॅक म्हणजे मारुतीची १९९३ ची झेन. तुमची कोणती ते सांगा, पण कारण द्या.

आसना (नांदेड)

झेनला माझं मत. ९९३ सीसी, अख्खं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, हॉर्सपॉवर ५०, पण गाडी साडेसातशे किलोच्या आसपास. ८०० मधून उतरून झेनमध्ये बसलं की पहिली जाणवायची ती बसण्याची उंची. खाली, रस्त्याच्या जवळ. गिअरचा दांडा आखूड, पाचवा गिअर आहे, आणि इंजिन फिरवलं की फिरतच जायचं. हीच इथं बनलेली गाडी युरोपात सुझुकी अल्टो नावानं विकली जायची, यावरून तिच्या बांधणीची कल्पना यावी.

आमच्याकडे आधी कार्बोरेटरवाली होती, नंतर एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली घेतली. नव्या गाडीला ताकद जास्त होती, सकाळी चोक ओढायची गरज नव्हती. तरी पायाला कार्बोरेटरवाली बरी वाटायची. का ते मिस्त्री लोकांनी सांगावं.

नांदेडची नोंद: वजिराबादेत एक निळी अ‍ॅम्बेसेडर मार्क ३ रोज चालते. वसमतच्या अलीकडे एका आखाड्यावर स्टँडर्ड कंपनीची जुनी दोनरंगी गाडी चिंचेखाली उभी आहे, खालच्या बाजूनं माती चढलीय. हेरल्ड आहे का गझेल ते लांबून कळलं नाही. पुन्हा जाणार आहे.

दुधनाकाठ (जालना)

बिंदुसराभाऊ, धागा वेळेवर काढलात. मी वेगळ्या बाजूनं लिहितो, कारण आमच्या घरचा धंदा भंगाराचा.

जालन्याला सळईचे कारखाने आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि ते लांबलांबून ट्रकनं येतं. त्यात गाड्यांचा पत्राही असतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, पहिल्या ८००, आमच्या भंगाराच्या वाड्यातून किती गेल्या ते मोजलं नाही, पण लहानपणी एखादी गाडी आली की मी शाळेतून येऊन आधी तिच्यात बसायचो. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगखाली असतो. तो दांडा हातात धरला की वरची गोटी तळव्यात बरोबर बसते, आणि ज्या गाडीला बरीच वर्षं एकच चालवणारा होता तिची गोटी एकाच बाजूनं गुळगुळीत झालेली असते. दारातली छोटी तिकोनी काच खटका दाबून फिरवली की वारा थेट छातीवर. उन्हाळ्यात आमच्या भागात त्या काचेला फार किंमत होती.

लोक गाडी का देतात ते सांगतो, कारण नुसतं हळहळून गाडी वाचत नाही. पंधरा वर्षं झाली की पासिंग परत करावं लागतं, मग दर पाच वर्षांनी. त्यावर पर्यावरण कर, इन्शुरन्स, टायर. उभी राहिलेली गाडी चालू करायची तर टाकीपासून ब्रेकपर्यंत सगळं उघडावं लागतं. घरात जागा नसते, पोरगं पुण्याला असतं. मग कुणीतरी येतो आणि किलोवर घेऊन जातो. किलोवर घेतल्यावर क्रोमचा बंपर आणि सडलेला फ्लोअर एकाच भावात जातात. इथंच सगळं नुकसान आहे.

म्हणून कळकळीची विनंती. गाडी द्यायचीच असेल तर तोलकाट्यावर जायच्या आधी तिचं स्पीडोमीटर, मागचे-पुढचे दिवे, नावाची अक्षरं, दाराची हँडलं, तिकोनी काचा, कार्बोरेटर, स्टिअरिंग चाक एवढं काढून घ्या आणि गाडी जपणाऱ्या कुणाला तरी द्या. आज पद्मिनी नीट करणाऱ्या माणसाला इंजिनचे पार्ट कसेतरी मिळतात, मागच्या दिव्याची अख्खी काच मिळत नाही. आणि आरसी रद्द करून घ्या. चेसिस नंबरचा तुकडा कापून आरटीओत जमा करायचा असतो. तो न करता गाडी दिली तर कागदावर ती तुमच्याच नावावर राहते.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. अख्खी, न सडलेली गाडी वाड्यात आली तर कटर लावायच्या आधी दोन महिने थांबायचं आणि ओळखीत विचारायचं. घरच्यांनाही ते आता पटलंय.

तेरणा (धाराशिव)

वरचं वाचून वाईट वाटलं, पण उपयोगाचं लिहिलंत दुधनाकाठ दादा.

आमच्याकडे अ‍ॅम्बेसेडर होती. बाबा डॉक्टर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर ती गाडी किती दिवस घरी आलीच नाही. मागची सीट काढून पेशंट आडवा न्यायचा, पुढच्या सलग सीटवर बाबा, ड्रायव्हर आणि नातेवाईक. उमरगा, लोहारा, सोलापूर अशा फेऱ्या. पावसानं रस्ते खचले होते, त्यात तिचे जाड पाटे आणि उंची कामाला आली. वेगाशी त्या गाडीचा काही संबंध नव्हता. या धाग्यात तिची नोंद असावी एवढ्यासाठी लिहिलं. तिची मूळ बॉडी मॉरिस ऑक्सफर्डची, आणि २०१४ ला उत्तरपाड्यातलं उत्पादन थांबेपर्यंत बाहेरचा आकार फारसा बदललाच नाही. म्हणून १९७० च्या गाडीला १९९० चं दार बसतं आणि म्हणूनच ती अजून खेड्यापाड्यात टिकून आहे.

मी स्वतः शिकले ८०० वर, पण जीव लागला तो अल्टो व्हीएक्सआयवर. १.१ लिटरची, १०६१ सीसी, बासष्टच्या आसपास हॉर्सपॉवर. बाहेरून साध्या अल्टोसारखीच, मागं छोटीशी अक्षरं. तुळजापूरच्या घाटात मोठ्या गाड्यांच्या मागं अडकलं की तिसऱ्या गिअरवर टाकायची आणि निघून जायचं. बाई चालवतेय म्हणून पुढं घालणारे पुष्कळ असायचे, वर पोचेपर्यंत मागं राहायचे.

नवा_गिअर (परभणी)

तेरणाताई, अल्टो १.१ बद्दल पहिल्यांदाच ऐकलं. अजून मिळते का?

तेरणा

मिळते, पण नीट ठेवलेली शोधावी लागेल. वॅगनआरचं इंजिन तेच, त्यामुळे पार्टची चिंता नाही.

गंजगोलाई (लातूर)

झेनचं सगळं मान्य, पण पळणारी हॅचबॅक म्हणायची आणि फियाट पालिओ १.६ चं नाव नाही, हे बरोबर नाही.

२००१ मध्ये पालिओ आली. सचिन तेंडुलकर जाहिरातीत होता, त्याच्या नावानं एस१० आवृत्तीही निघाली. लोकांनी १.२ घेतली, कारण अ‍ॅव्हरेज. ज्यांना कळत होतं त्यांनी १.६ घेतली. १५९६ सीसी, १०० हॉर्सपॉवर. त्या काळी एवढी ताकद सेडानला नसायची. दार लावलं की ठप्प असा जड आवाज यायचा. स्टिअरिंगमध्ये वजन होतं, शंभरच्या पुढं गाडी रस्त्याला चिकटून बसायची. झेन शंभरला हलकी व्हायची, शेजारून ट्रॅव्हल्स गेली की बाजूला सरकायची. पालिओ नाही.

पेट्रोल प्यायची हे खरं. गावात दहाचं अ‍ॅव्हरेज मिळालं तरी समाधान मानायचं. पण आठवड्यातून एकदा पहाटे औसा रोडनं बाहेर पडून दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबायची, त्यापुढं पेट्रोलचा हिशोब कोण करतो. काकांची पालिओ जीटीएक्स अजून आहे. सीटचं कापड गेलंय, इंजिन आजही पहिल्या सेल्फला.

लातूरची नोंद: गंजगोलाईत एक डुक्कर फियाट दसऱ्याला निघते. गोल पाठीची, काळी. पूजेनंतर फेरी मारून परत गोडाऊनमध्ये. मालकांना विचारून पुढच्या दसऱ्याला फोटो टाकीन.

शेंद्राकर (छत्रपती संभाजीनगर)

मंडळी, तुम्ही झेन आणि पालिओवर भांडताय. आपल्याच जिल्ह्यात बनलेली गाडी विसरलात.

स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ चा. पहिली ऑक्टाव्हिया तिथंच जोडली जायची. २००४ मध्ये तिची आरएस ही पळणारी आवृत्ती आली: १.८ लिटर टर्बो, वीस व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर. भारतात तेव्हा टर्बो पेट्रोल गाडी कुणाला माहीत नव्हती. लोक टर्बो म्हणजे डिझेल समजायचे. ऑक्टाव्हियाला सगळे सेडान म्हणतात, पण तिचं मागचं झाकण काचेसकट वर उघडतं, म्हणजे बांधणीनं ती हॅचबॅकच. शिवाय पाच माणसं आणि लग्नाचं सामान मागं घेऊन ती पळायची. पहिल्या दीड-दोन हजार आरपीएमपर्यंत शांत, मग टर्बो भरला की सीटमध्ये मागं ढकलायची. चिकलठाण्याहून जालन्याकडे तेव्हा रस्ता आजच्याइतका गजबजलेला नव्हता.

मी एमआयडीसीत वेगळ्या कारखान्यात होतो. पण आमची बस शेंद्र्यावरून जायची आणि आवारात रांगेत उभ्या नव्या गाड्या दिसायच्या, प्लास्टिक लावलेल्या. जगभर ज्या गाडीबद्दल लोक बोलतात ती आपल्या रस्त्याच्या कडेला तयार होतेय याचा मला फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो. पुण्या-मुंबईचे लोक आरएसच्या गप्पा मारतात तेव्हा ती कुठं जोडली गेली हे मी आवर्जून सांगतो.

शहरातली नोंद थोडक्यात: पैठण गेटजवळ कॉन्टेसा (इंजिन आधीचं, अ‍ॅम्बेसेडरचंच १४८९ सीसी, इसुझूचं १.८ नाही), शहागंजला पद्मिनी डिझेल, आणि वेरूळच्या रस्त्याला सुट्टीच्या दिवशी कधीकधी पांढरी अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी. दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून ती गाडी जाताना बघायची असेल तर सकाळी लवकर जा, नंतर दोन्ही बाजूंनी बस अडकतात.

गंजगोलाई

शेंद्राकरसाहेब, ऑक्टाव्हिया सव्वा टनाच्या पुढची, किंमत पालिओच्या दुपटीहून जास्त. गाडी भारी आहे, वाद नाही. पण बिंदुसरानं विचारलंय ते हलक्या, घरच्या, खिशाला झेपणाऱ्या गाडीचं. त्या यादीत ती बसत नाही.

शेंद्राकर

गोल्फ जीटीआयसुद्धा युरोपात स्वस्त नव्हती हो. घरच्या गाडीला पळवायची हीच त्या जातीची ओळख. आणि २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली ती पन्नास लाखांच्या वर. तिला काय म्हणणार?

बिंदुसरा

दोघांचंही राहू द्या, आरएसची नोंद इथं हवीच होती. तरी माझं मत गंजगोलाईच्या बाजूला. गाडी वळणात टाकल्यावर तिचं वजन कुठून कुठं जातंय हे पाठीला कळलं पाहिजे, आणि ते हलक्या गाडीतच कळतं. मांजरसुंबा घाट चौपदरी व्हायच्या आधी ज्यांनी झेननं चढला असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. दुसऱ्यात वळण घ्यायचं, बाहेर पडताना तिसरा, ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या दिसल्या की परत दुसरा. साठच्या वर काटा जात नव्हता, तरी उतरल्यावर हात गरम झालेले असायचे. आता समृद्धीवर १२० ची मुभा आहे. जालन्याहून निघालं की नाशिकपर्यंत स्टिअरिंग फारसं हलवावं लागत नाही. गाव लवकर येतं, पण चालवल्यासारखं वाटत नाही.

कन्नडचा औट्रम घाट मात्र अजून तसाच आहे. तिथं हळू चालणाऱ्या गाड्यांमागं अडकलात तर धीर धरा, वळणावर ओव्हरटेक करू नका. मजेचं बोलतोय म्हणून हेही लिहितो.

सिंदफणा (माजलगाव)

प्यूजो ३०९ कुणाला आठवते का? प्रीमियरनं कल्याणला काढलेली, १९९४ च्या सुमारास. बाहेर युरोपात ३०९ ची जीटीआय होती, २०५ जीटीआयची सख्खी बहीण. आपल्याला १.४ पेट्रोल आणि डिझेल मिळाली. पण सस्पेन्शन मूळचंच होतं. खड्ड्यावरून अशी जायची की आत पेला हलायचा नाही. माजलगावच्या एका वकील साहेबांकडे होती, डिझेल. साखर कारखान्याच्या रस्त्यावर ऊसगाड्यांनी केलेल्या चाकोऱ्या तिनं सहज पचवल्या. पुढं काच फुटली आणि मिळाली नाही, गाडी उभी राहिली ती राहिलीच. अजून त्यांच्या अंगणात आहे. दुधनाकाठ, तुमच्या वाड्यात कधी ३०९ ची पुढची काच दिसली तर कळवा.

दुधनाकाठ

लिहून ठेवलं. काचवाल्यांनाही विचारतो. मापावरून बनवून देणारे काही जण आहेत, पण पुढची काच लॅमिनेटेडच लागते, त्यात तडजोड करू नका.

नवा_गिअर

मी पंचवीसचा आहे. जुनी झेन घ्यायची मनात आहे, बजेट थोडंच. घरचे म्हणतात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलंय, जुनी गाडी खराब होईल. मित्र म्हणतो फियाटची पुंटो अबार्थ बघ. काय करू?

पॉइंट_प्लग (अंबाजोगाई)

बाळा, मी गॅरेजवाला. आधी कार्बोरेटरच्या, मग इंजेक्शनच्या, दोन्ही गाड्या हाताखालून गेल्या. सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पत्रा. मराठवाड्याची गाडी घे, कोकणातली किंवा मुंबईची स्वस्त मिळाली तरी नको. आपल्याकडे हवा कोरडी, पत्रा टिकतो. तिकडं खारी हवा, वरून रंग चकाचक आणि खाली फ्लोअर पेपरसारखा. झेनला गाडी उचलून दाराखालचा पट्टा, मागच्या चाकाच्या वरची कमान आणि स्टेपनीची खोबण बघ. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोक. आवाज बसका आला तर आत पुट्टी आहे.

आपल्या हवेचा दुसरा भाग असा की पत्रा वाचतो आणि रबर मरतं. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला उभी गाडी. डॅशबोर्ड तडकतो, दाराचं बीडिंग वाळतं, होस पाइप कडक होतात. बोअरचं पाणी रेडिएटरला घालणारे लोक आहेत. आपलं पाणी जड, क्षार बसून वर्षा-दोन वर्षांत रेडिएटर चोक. घेतल्या घेतल्या रेडिएटर उघडून साफ कर आणि कूलंटच घाल.

आता इथेनॉल. आपल्याच भागातल्या ऊसापासून बनतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरं त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, मऊ होतात, थेंब गळतो. गरम इंजिनवर थेंब पडणं किती वाईट ते सांगायला नको. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. टाकीत बसलेली जुनी घाणही सुटते आणि फिल्टर भरतो. उपाय अवघड नाही. सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाक, कार्बोरेटरची किट बदल, सुरुवातीला फिल्टर लवकर-लवकर बदल, आणि गाडी आठवड्याला चालव. उभी ठेवायचीच नाही. जुनी गाडी चालून जेवढी खराब होते त्याहून जास्त उभी राहून होते.

आसनाभाऊंनी विचारलं होतं की कार्बोरेटरवाली पायाला बरी का वाटते. कार्बोरेटरला पेडल केबलनं थेट जोडलेलं असतं आणि दाबलं की पंप लगेच जास्तीचं पेट्रोल सोडतो, म्हणून पहिला झटका चटकन येतो. इंजेक्शनची गाडी मोजून देते. प्रदूषण कमी, अ‍ॅव्हरेज जास्त, सकाळी त्रास नाही, पण तो पहिला झटका थोडा दबतो.

पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरवाल्यांसाठी उन्हाळ्याचं एक. त्यांचा पेट्रोल पंप इंजिनला चिकटून. भर दुपारी गाडी बंद केली की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि परत चालू होत नाही. लोक सेल्फ मारून बॅटरी संपवतात. बोनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं सावलीत बसा. चालू होते.

अबार्थ म्हणशील तर २०१५ ची १.४ टर्बो, १४५ हॉर्सपॉवर, फार सुंदर गाडी. पण तुला पहिली जुनी गाडी घ्यायचीय. तिच्यासाठी हुशार मिस्त्री आणि लॅपटॉप लागतो, झेनसाठी पाना-स्क्रूड्रायव्हर. झेन घे, तिच्यावर शीक. घ्यायच्या आधी इकडं घेऊन ये, मी खालून बघून देतो. त्याचे पैसे नकोत.

नवा_गिअर

काका, खूप आभार. येतो.

गंजगोलाई

अबार्थ पुंटो मी चालवलीय, सोलापूरच्या मित्राची. पालिओचंच घराणं. पोलो जीटीआय भारतात आली तीही सांगतो: २०१६, तीन दारांची, १९२ हॉर्सपॉवर, फक्त ९९ गाड्या आणल्या. आपल्या भागात कुणाकडे असेल असं वाटत नाही. कुणाला दिसली असेल तर लिहा.

पूर्णा_जंक्शन

पद्मिनीवाल्यांना एक माहिती. जुलै २०२१ मध्ये केंद्राचा विंटेज गाड्यांचा नियम आला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ इंजिन-चेसिस-बॉडी असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर नूतनीकरणाला ५,००० आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी काढता येते. फियाटचं पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिन्या आता यात बसू लागल्यात. डुक्कर फियाट तर केव्हाच बसते. गंजगोलाई, तुमच्या दसऱ्याच्या मालकांना कळवा.

गंजगोलाई

कळवतो. त्यांना हे माहीत नसणार. मूळ इंजिन आहे, मी स्वतः नंबर पाहिलाय.

पॉइंट_प्लग

अंबाजोगाईची नोंद राहिली. पहिल्या आकाराची मारुती ८००, म्हणजे १९८६ च्या आधीची एसएस८०, आमच्या गॅरेजच्या मागल्या गल्लीत आहे. एका निवृत्त मास्तरांची. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी मूळ इंजिन, रंग एकदाच काढलेला. दर महिन्याला तेल-पाणी बघायला मास्तर स्वतः घेऊन येतात आणि मी काम करेपर्यंत बाजूला उभे राहतात. त्यांनी फोटोला हो म्हटलंय. येत्या आठवड्यात टाकतो.

आसना

वसमतच्या आखाड्यावर जाऊन आलो. मालक भेटले, चहा झाला, गाडी बघू दिली. पुढचा बोनेट मडगार्डांसकट सगळाच्या सगळा पुढं उलटतो. चार दारं. आत मीटरवर काही लिहिलेलं उरलेलं नाही, मागची अक्षरं पडलीत. आरसी सापडत नाही म्हणतात. इंजिन जाम आहे पण जागेवर आहे. हेरल्ड म्हणायची का गझेल? मालकांना विकायची नाही, चालू करायची आहे. वडिलांची गाडी आहे.

पॉइंट_प्लग

चार दारांवरून ठरणार नाही, हेरल्डलाही नंतर चार दारं आली. इंजिनवरूनही नाही, दोन्हीला ९४८ सीसीच. मागून खाली वाकून बघा. हेरल्डला मागं स्विंग अ‍ॅक्सल असतो, म्हणजे मधला गोळा चेसिसला बांधलेला, वर आडवा पाटा आणि दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी. जॅकनं गाडी उचलली की चाकं खालून आत झुकतात. गझेलला, म्हणजे १९७२ नंतरच्या गाडीला, ट्रकसारखा सलग अ‍ॅक्सल, उचलली तरी चाकं सरळ.

इंजिन जाम आहे तर सेल्फ किंवा धक्का अजिबात मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडा, चार-पाच दिवस तसंच ठेवा, मग पुढच्या पुलीला पाना लावून हातानं हलवून बघा. जोर करू नका. हललं तर मला सांगा, मी रविवारी येतो. चेसिस नंबरचा फोटो काढून ठेवा, डुप्लिकेट आरसीच्या कामाला लागेल.

आसना

जॅक घेऊन उद्याच जातो.

दुधनाकाठ

माझ्याकडे स्टँडर्डचे मागचे दोन दिवे आहेत, काचा अख्ख्या. कोणत्या गाडीचे ते माहीत नव्हतं. अ‍ॅक्सल बघून झालं की सांगा, पाठवतो.